शहाजीराजे भोसले आणि बंगळूर प्रांताचा गावकारभार

शहाजीराजे भोसले हे नाव मराठी वाचकाला परके नाही. तथापि त्यांच्याविषयी आजवर जे लिहिले गेले, त्याचा मोठा भाग त्यांच्या पुत्राच्या चरित्राची प्रस्तावना म्हणून लिहिला गेला आहे. शिवाजीमहाराजांचा जन्म झाला, पुण्याची जहागीर मातापुत्रांच्या हवाली झाली, की चरित्रकाराचे लक्ष सह्याद्रीकडे वळते आणि दूर कर्नाटकात गेलेले राजे वाचकाच्या दृष्टीआड होतात. कन्नड इतिहासलेखनात त्यांना जागा मिळते ती केम्पेगौडाच्या घराण्याकडून बंगळूर घेणाऱ्या विजापूरच्या सरदाराची. या दोन चित्रांच्या मध्ये एक मोठा कालखंड उरतो. १६३८ पासून १६६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, एक अल्प खंड वगळता, बंगळूरभोवतालच्या विस्तृत प्रदेशातील खेड्यांचा वसूल, हिशेब व बंदोबस्त यांची अंतिम जबाबदारी याच पुरुषावर होती. प्रस्तुत लेखात राजांचे चरित्र या बाजूने पाहण्याचा प्रयत्न आहे. लढाया व तह यांचा उल्लेख येईल, परंतु ते समजण्यापुरताच. गाव, गावचे वतनदार आणि त्यांच्यावर बसलेले दफ्तर यांच्याशी राजांचा संबंध कसा आला व त्याचे काय उरले, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

हा संबंध बंगळुरात प्रथम आला असे नव्हे. भोसल्यांचे घराणे मुळात पाटलांचे. राजांचे आजे बाबाजी भोसले यांच्याकडे हिंगणी बेरडी व देऊळगाव येथील पाटीलकी होती. वेरूळशी या कुळाचा निकटचा संबंध होता. पाटलाचे घर म्हणजे गावच्या सर्व व्यवहाराचे केंद्र. पड जमीन कोणी लावायची, सारा कोणी थकविला, सीमेचा दगड कोणी हलविला, बलुतेदाराचे बलुते कोणी अडविले, हे सारे प्रश्न त्या घराच्या ओसरीवर येत. राजांचे वडील मालोजी निजामशाहीच्या लष्करी सेवेत चढले. त्यांनी शिखर शिंगणापुरी यात्रेकरूंसाठी तलाव बांधविला. माणदेशाच्या कोरड्या मुलखात पाण्याचा साठा करणे म्हणजे काय, हे ज्याला कळते अशा माणसाचे ते काम होय. मालोजी इंदापूरच्या लढाईत पडले आणि शहाजी व शरीफजी या दोन बंधूंचे पालन चुलते विठोजी यांनी केले. राजांच्या जन्मसालाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. १५९४, १५९९ व १६०२ ही साले निरनिराळ्या साधनांच्या आधारे सांगितली जातात. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची कन्या जिजाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

राजांची उमेदवारी निजामशाहीत, मलिक अंबराच्या अमदानीत झाली. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्यांनी नाव मिळविले. त्याच लढाईत शरीफजी मारले गेले. मलिक अंबर जसा गनिमी काव्यासाठी, तसाच जमीनबाबीच्या व्यवस्थेसाठीही दख्खनेत स्मरला जातो. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवावा, तो गावच्या मुख्यांच्या मार्फत घ्यावा आणि मुलूख वसता राहील याकडे लक्ष द्यावे, हे त्याच्या पद्धतीचे सार होते. तरुण सरदाराने हे सर्व जवळून पाहिले असले पाहिजे. १६२६ मध्ये अंबराचा मृत्यू झाल्यावर निजामशाही खिळखिळी झाली. १६२९ मध्ये दौलताबादेस लखुजी जाधवरावांचा दरबारात वध झाला. राजांनी या वर्षांत निजामशाही, आदिलशाही व मोगल अशा तिन्ही सत्तांची चाकरी आळीपाळीने केली. या फिरण्याचा दोष त्यांना पुष्कळांनी दिला आहे. परंतु ज्याची जहागीर तीन सत्तांच्या सीमेवर होती, त्या सरदाराला दुसरा मार्ग किती मोकळा होता, हेही पाहिले पाहिजे.

याच काळात पुणे परगण्यावर जे ओढवले त्याचा ठसा राजांच्या पुढील कारभारावर उमटला असावा. विजापूरच्या मुरार जगदेवाने पुणे जाळले व उद्ध्वस्त केले. पाठोपाठ १६३० ते १६३२ या वर्षांचा भीषण दुष्काळ आला. गावे ओस पडली, कुळे परागंदा झाली. जहागिरीची सनद हाती असूनही जहागिरीत माणूसच नाही, अशी ती अवस्था होती. वसूल हा कागदावरच्या आकड्यांतून निघत नसून नांगर धरणाऱ्या हातांतून निघतो, ही गोष्ट त्या पिढीच्या प्रत्येक जहागीरदाराला कठोर रीतीने शिकावी लागली. १६३३ मध्ये राजांनी पेमगिरी येथे निजामशाही वंशातील एका बालकाला गादीवर बसवून तीन वर्षे ते राज्य स्वतःच्या बळावर चालविले. १६३६ मध्ये माहुली येथे मोगल व आदिलशाही या दोहोंच्या एकवटलेल्या सामर्थ्यापुढे त्यांना हार घ्यावी लागली. ते आदिलशाहीच्या सेवेत गेले. पुण्याचा मोकासा त्यांच्याकडे राहिला व त्याची देखरेख दादोजी कोंडदेवांकडे आली. पड जमीन लावणाऱ्यास पहिल्या वर्षी अल्प सारा आणि पुढे वर्षागणिक वाढता, अशा इस्ताव्याच्या रीतीने तो मुलूख पुन्हा वसविला गेला, असे मराठी परंपरा सांगते.

पुणे प्रांतातील मोकासाई म्हणून शहाजीराजांचे नाव तत्कालीन कागदांत येते. या कागदांवरून मराठी गावचा नित्य कारभार कसा चाले, ते चांगले कळते. वतनाचा तंटा उद्भवला की गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, चौगुला, शेटे, महाजन व बलुतेदार एकत्र येत, साक्षी होत, निवाड्याचा महजर लिहिला जाई. ज्यांना अक्षर येत नसे ते आपल्या धंद्याच्या अवजाराची निशाणी करीत. पाटलाच्या नावापुढे काढलेला नांगर अशा अनेक कागदांवर आजही पाहावयास मिळतो. सरकारचा अंमलदार सभेस हजर असला, तरी निवाड्याला बळ येई ते गोताच्या संमतीने. राज्य बदलले तरी ही सभा बदलत नसे. राजे कर्नाटकात गेले ते ही पद्धत मनात घेऊन, आणि ती पद्धत ज्यांच्या हाडीमाशी भिनली होती अशा कारकुनांना सोबत घेऊन.

रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली विजापूरच्या फौजा १६३७-३८ मध्ये कर्नाटकात उतरल्या. राजे या मोहिमेत प्रमुख सरदार होते. १६३८ मध्ये बंगळूर हाती आले. सोळाव्या शतकात केम्पेगौडाने वसविलेले हे नगर त्याच्या वंशजांनी सोडले व ते मागडीस जाऊन राहिले. बंगळूर व त्याच्या आसपासचा प्रदेश राजांकडे सोपविण्यात आला. कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर व शिरा हे मुलूखही त्यांच्या अधिकारात आले. विजापुरी दफ्तरात या प्रांतास कर्नाटक-विजापूर-बालाघाट असे नाव मिळाले. राजांनी बंगळूर हे आपले ठाणे केले. तुकाबाई मोहिते यांच्यापासून झालेले पुत्र एकोजी व जिजाबाईंचे ज्येष्ठ पुत्र संभाजी हे याच प्रांताच्या कारभारात वाढले.

येथे हे लक्षात घेतले पाहिजे, की राजांनी जिंकलेला मुलूख ओसाड नव्हता आणि कारभारशून्यही नव्हता. विजयनगरच्या काळापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून, येथील गावांची स्वतःची घडण होती. गावचा प्रमुख तो गौड. हिशेब लिहिणारा तो शानभोग. गावची राखण व चोरांचा माग हे तळारीचे काम. शेतातील उभ्या पिकाची राखण व सीमेची माहिती तोटीकडे. तळ्याच्या पाण्याची वाटणी नीरगंटी करी. यांखेरीज जोशी, लोहार, सुतार, कुंभार, परीट, न्हावी व सोनार असे सर्व मिळून बारा आयगार मोजण्याचा प्रघात होता. १८१० मध्ये म्हैसूरचा इतिहास प्रसिद्ध करणाऱ्या विल्क्सने ही यादी दिली आहे, आणि ती वाचताच मराठी अभ्यासकाला बारा बलुत्यांची आठवण होते. गौडात पाटील दिसतो, शानभोगात कुलकर्णी. घाटावरून आलेल्या मराठी कारकुनाला हे गाव फारसे अनोळखी वाटले नसावे.

परंतु साम्याबरोबर भेदही होता, आणि कारभाराच्या दृष्टीने तो महत्त्वाचा होता. बंगळूर-कोलारच्या पठारावर बारमाही मोठी नदी नाही. तेथील शेती उभी राहिली ती तळ्यांवर. उतारावरून वाहणारे पावसाचे पाणी बांध घालून अडवायचे, एका तळ्याचे उतू गेलेले पाणी खालच्या तळ्यात घ्यायचे, अशा साखळ्याच्या साखळ्या त्या प्रदेशात होत्या. कोरड्या जमिनीत नाचणी, तळ्याखालच्या जमिनीत भात. तळ्याचा तूब केव्हा उघडायचा, कोणाच्या वाफ्यात किती वेळ पाणी सोडायचे, पाणी कमी पडले तर कोणते शेत सोडून द्यायचे, हे नीरगंटी ठरवी. मराठी बलुतेदारांच्या यादीत त्याच्या जोडीचा माणूस नाही. गावाचा साराही त्यामुळे दोन प्रकारचा होता. कोरड्या जमिनीवर रोख रकमेचा कंदाय घेतला जाई. भिजत्या जमिनीत पिकाची वाटणी होई. खळ्यावर धान्याची रास पडली, की देवाचा, ब्राह्मणाचा व आयगारांचा वाटा प्रथम बाजूला काढला जाई आणि नंतर सरकार व कूळ यांच्यात वाटणी होई. १८०० साली या प्रदेशातून प्रवास करणाऱ्या फ्रान्सिस बुकॅननने अशा राशींची वाटणी तपशीलवार नोंदली आहे. त्याचे निरीक्षण राजांच्या मृत्यूनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी झाले, हे खरे; तथापि गावच्या रीती मंदगतीने बदलतात आणि या रीतीचा उगम जुना आहे, याविषयी फारशी शंका नाही.

अशा गावांवर राजांनी कोणता कारभार बसविला? या प्रश्नाचे उत्तर देताना दोन अतिरेक टाळावयास हवेत. राजांनी कर्नाटकात मराठी पद्धतीची ग्रामव्यवस्था नव्याने निर्माण केली, असे म्हणणे बरोबर नाही. गाव आधीच होते. त्यांनी केवळ फौजेच्या जोरावर खंडणी वसूल केली, असे म्हणणेही तितकेच चूक आहे. म्हैसूरच्या इंग्रजी गॅझेटियरात राइस याने जुन्या महसुली माहितीच्या आधारे सांगितले आहे, की पाळेगारांच्या काळी हिशेब कानडीत ठेवले जात, परंतु मराठे सरदारांचा अंमल बसल्यावर त्यांच्या मागोमाग आलेल्या देशस्थ मंडळींनी आपली भाषा व आपले अक्षर सरकारी हिशेबात आणले. प्रांताचे परगणे, परगण्यांचे समत व तरफ, त्याखाली मौजे व मजरे, ही विभागणीही विजापुरी अमदानीशी जोडली जाते. देशमुख, देशपांडे, मजमुदार, कानूनगो अशा अधिकाऱ्यांची पूर्ण साखळी मात्र राइसच्या कथनात १६८७ च्या मोगल विजयानंतर येते. म्हणून या सर्व पदांचे जनकत्व शहाजीराजांकडे देण्याचा मोह आवरला पाहिजे. हिशेबात मराठीचा प्रवेश, परगण्याचे दफ्तर आणि त्यावर नेमलेली परमुलखातून आलेली लेखक मंडळी, एवढे त्यांच्या अमदानीच्या पदरी निश्चितपणे घालता येते.

एवढेही थोडे नाही. त्याचा अर्थ नीट समजण्यासाठी शानभोगाचे लेखनसाधन डोळ्यांसमोर आणावे. शानभोग कडतावर लिही. कडत म्हणजे कोळशाची पूड व चिंचोक्यांची खळ चोपडून काळे केलेले, घडी घालता येणारे कापड. त्यावर पांढऱ्या मऊ दगडाच्या कांडीने कानडी अक्षर उमटवायचे, आणि नको झाल्यास पुसून तेथेच पुन्हा लिहायचे. मराठी कारकून बोरूने कागदावर मोडी लिही. लिहिलेले पुसत नसे. एकाच गावाच्या एकाच जमिनीची नोंद अशा रीतीने दोन वस्तूंवर, दोन लिप्यांत व दोन भाषांत होऊ लागली. गावात राहिला तो कडत. परगण्याच्या ठाण्यात गेला तो रुमाल. वर्षअखेर गौड व शानभोग ठाण्यात जात. तेथे मागील बाकी, चालू वर्षाची लागण, तळे भरले की रिते राहिले, कोणते कूळ पळाले, कोणती जमीन पड पडली, यांचा झाडा होऊन गावाचा आकार ठरे. या ठरावालाच जमाबंदी म्हणत.

या व्यवस्थेत कोणाचे हित होते आणि कोणाचे अहित, हा प्रश्न टाळता येत नाही. दुहेरी नोंदीमुळे गौड व शानभोग यांच्या मनमानीला आळा बसला, हे संभवनीय आहे. पूर्वी कडतावर जे पुसले जाई, ते आता ठाण्यातील कागदावर कायम राही. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गावाविषयी जे लिहिले गेले, ते गावातील बहुतेकांना वाचता येत नव्हते. कानडीतला कडतदेखील सामान्य कुळाच्या आवाक्याबाहेरचा होता. मोडीतील कागद तर शानभोगालाही परका. दोन्ही लिप्या जाणणारा माणूस गाव आणि सरकार यांच्यामध्ये उभा राहिला व त्याचे महत्त्व वाढले. हे महत्त्व पुढे वतनाच्या रूपाने वंशपरंपरागत झाले. त्याचा लाभ मुख्यतः एका अक्षरजीवी वर्गाला मिळाला आणि त्याचा भार शेवटी खळ्यावरील राशीवरच पडला. राजांच्या कारभाराची स्तुती करताना हा हिशेब विसरणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

तरीही राजांच्या विवेकाची एक खूण स्पष्ट दिसते. त्यांच्या अमदानीनंतरही गौड, शानभोग, तळारी, तोटी, नीरगंटी ही पदे आपापल्या कानडी नावांनी टिकून राहिली. गौडाचा पाटील करून टाकावा, शानभोगाच्या जागी मराठी कुलकर्णी बसवावा, असा सरसकट प्रयत्न झाल्याचे दिसत नाही. ज्याच्या आज्याने स्वतः पाटीलकी केली होती, त्याला हे ठाऊक असणार, की गावचा मुख्य बाहेरून आणून चालत नाही. तळ्याखालच्या पाण्याचा न्याय पुण्याहून आलेल्या कारकुनाला करता येणार नाही. तो नीरगंटीच करील आणि त्याचे म्हणणे गाव ऐकेल. राजांनी गाव गावाच्या हाती ठेवले आणि त्यावर केवळ दफ्तर बसविले. त्यांच्या कारभाराचे बळ याच मर्यादेत होते, असे म्हणावेसे वाटते.

या दफ्तराच्या शिरोभागी हणमंते घराणे होते. नारो त्रिमल हणमंते हे राजांचे कारभारी. त्यांचे पुत्र रघुनाथपंत व जनार्दनपंत याच वातावरणात तयार झाले. रघुनाथपंत पुढे एकोजींच्या व नंतर शिवाजीमहाराजांच्या सेवेत गेले. राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झाला, त्याच्याशी रघुनाथपंतांचे नाव परंपरेने जोडले जाते. त्या कोशाचे मनोगत रायगडचे असेल; परंतु एकाच व्यवहाराला कानडी, मराठी, फारसी अशी तीन नावे असतात आणि नाव बदलल्याने अधिकार बदलतो, हा अनुभव बंगळूरच्या कचेरीत रोज येणारा होता. कोशाच्या पार्श्वभूमीत या बहुभाषिक दफ्तराचा विचार अद्याप पुरेसा झालेला नाही.

राजांच्या दरबारातील साहित्याचा विचारही याच संदर्भात करावा. जयराम पिंड्ये हा कवी महाराष्ट्रातून राजांच्या आश्रयास आला आणि त्याने राधामाधवविलासचंपू रचला. हा ग्रंथ वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. बारा भाषांत कविता करण्याचे सामर्थ्य जयराम मिरवितो, आणि दरबारात निरनिराळ्या भाषांचे कवी समस्या घालीत व सोडवीत असल्याचे चित्र उभे करतो. या बहुभाषिकतेकडे आपण दरबारी चमत्कृती म्हणून पाहत आलो. परंतु ज्या ठाण्यात सकाळी कानडी शानभोगाचा कडत मोडीत उतरविला जाई आणि विजापूरचे फर्मान फारसीत वाचले जाई, तेथे संध्याकाळी अनेक भाषांची कविता ऐकली जावी यात नवल नाही. दरबाराची बहुभाषिकता व दफ्तराची बहुभाषिकता ही एकाच परिस्थितीची दोन अंगे होत.

राजांचे हे आसन नेहमीच स्थिर होते असे नव्हे. जिंजीच्या वेढ्याच्या वेळी, जुलै १६४८ मध्ये, मुस्तफाखानाच्या आज्ञेने त्यांना अकस्मात कैद करून विजापुरास नेण्यात आले. शिवाजीमहाराजांच्या मावळातील हालचाली हे याचे एक कारण मानले जाते. कर्नाटकातील राजांचे वाढते सामर्थ्य हे दुसरे. १६४९ मध्ये त्यांची सुटका झाली ती कोंढाणा, कंदर्पी व बंगळूर ही स्थळे आदिलशहाच्या हवाली करण्याच्या अटीवर. या अटीतील बंगळूरचे नाव विचारात घेण्याजोगे आहे. पुत्राच्या हातचा एक किल्ला आणि पित्याच्या कारभाराचे केंद्र हे विजापूरच्या दृष्टीने सारख्याच मोलाचे होते. पुढे राजांचा अधिकार कर्नाटकात पुन्हा प्रस्थापित झाला. परंतु कनकगिरीच्या वेढ्यात ज्येष्ठ पुत्र संभाजी मारले गेले आणि उत्तरायुष्यावर त्या दुःखाची छाया पडली. २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून राजांचा मृत्यू झाला. आजच्या दावणगेरे जिल्ह्यात चन्नगिरीजवळ हे गाव आहे व तेथे त्यांची समाधी आहे. ज्याने आयुष्याचा उत्तरार्ध खेड्यांच्या बंदोबस्तात घालविला, त्याची अखेर एका कानडी खेड्याच्या शिवारात झाली.

बंगळूरची सत्ता एकोजींकडे आली. १६६९ चा त्यांचा एक शिलालेख आज बंगळूर शहरात सामावलेल्या मल्लेश्वरम् भागात आहे. मल्लपुरच्या मल्लिकार्जुन देवास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद त्यात आहे. या दानाची भाषा कानडी आहे. सत्ताधीश मराठा, देव जुना आणि दिलेले उत्पन्न एका लहान गावाचे. अशा वेळी लेख कोणी वाचावयाचा आहे, याचे भान ठेवून भाषा निवडली गेली. जे गावाला कळावयास हवे ते कानडीत, जे ठाण्याला हवे ते मराठीत, ही शहाजीराजांच्या अमदानीत रूढ झालेली वाटणी येथेही दिसते. १६७६ च्या सुमारास एकोजींनी तंजावरास राज्य स्थापिले व बंगळूरवरील लक्ष कमी झाले. १६८७ मध्ये मोगल सेनापती कासिमखानाने ते घेतले आणि तीन लाख रुपयांच्या बदल्यात ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले. भोसल्यांची सत्ता बंगळुरातून गेली ती परत आली नाही.

दफ्तर मात्र राहिले. म्हैसूरच्या कचेऱ्यांत कानडीबरोबर मराठी हिशेब लिहिण्याची चाल एकोणिसाव्या शतकातही आढळते. पुढे सर्व व्यवहार कानडीत व इंग्रजीत आला आणि मोडीचे रुमाल अभिलेखागारात गेले. कर्नाटकात शानभोग व पटेल यांची वंशपरंपरागत पदे १९६१ च्या कायद्याने रद्द ठरली. महाराष्ट्रात कुलकर्णी वतने त्यापूर्वी १९५० च्या कायद्याने व मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. ज्या दोन वतनदारांवर राजांचा कारभार दोन्ही मुलखांत उभा होता, ते असे एका तपाच्या अंतराने इतिहासजमा झाले. या घटनेविषयी खेद करण्याचे कारण नाही. जन्माने मिळणारा अधिकार जाऊन निवडणुकीने मिळणारा अधिकार आला, ही खेड्यांच्या दृष्टीने हिताचीच गोष्ट झाली.

परंतु शब्दांचे आयुष्य वतनांपेक्षा मोठे असते. कर्नाटकातील शेतकरी आपल्या जमिनीच्या उताऱ्याला आजही पहणी म्हणतो. त्यात आपली पाहणी ओळखू येते. बंगळूरच्या घरमालकाला आपल्या नावाचा खाता लागतो. ग्रामपंचायतीच्या जमाखर्चाची दरवर्षी लोकांसमोर जी तपासणी होते, तिला तेथे जमाबंदी असे नाव आहे. आणि सरकारी कचेरीतील प्रत्येक फाइलला कानडीत कडत म्हणतात. शानभोगाचे काळे कापड गेले, त्याचे नाव सचिवालयापर्यंत पोहोचले. यांतील प्रत्येक शब्द राजांच्या काळी आला असे कोणी म्हणू नये. काही मूळचे फारसी व अरबी आहेत, काही मुंबई इलाख्याच्या पाहणीपद्धतीतून नंतर आले असतील, काही अस्सल कानडी आहेत. परंतु कानडी गावाच्या नित्य व्यवहारात मराठी दफ्तराने पहिले पाऊल ज्या काळात टाकले, तो काळ शहाजीराजांचा होता.

जमाबंदी या शब्दाचा प्रवास येथे विशेष अर्थपूर्ण वाटतो. राजांच्या काळी गावाने सरकारला काय द्यावयाचे, याचा तो ठराव होता, आणि तो ठाण्यात, थोड्या लोकांना कळणाऱ्या लिपीत होत असे. आज त्याच शब्दाने, पंचायतीने गावाच्या पैशाचे काय केले याचा जाब गावासमोर, गावाच्या भाषेत दिला जाणे अपेक्षित आहे. हिशेब तोच, परंतु हिशेब देणारा व घेणारा यांच्या जागा बदलल्या आहेत. हा बदल सर्वत्र मनापासून अमलात येतो असे नाही, आणि हिशेब न कळणारा श्रोता तेथेही असतो. म्हणूनच गावाचा कागद गावाला वाचता यावा, ही सतराव्या शतकात अपुरी राहिलेली गोष्ट आजही केवळ इतिहासाचा विषय म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

शहाजीराजांचे मोठेपण त्यांच्या पुत्राच्या तेजात झाकले गेले, अशी खंत वारंवार व्यक्त होते. ती दूर करण्यासाठी त्यांना स्वराज्याचे पहिले संकल्पक ठरविण्याचा प्रयत्नही होतो. त्याची आवश्यकता नाही. पाटलाच्या घरातून निघालेला एक सरदार परमुलखात गेला. तेथील गावाची घडण त्याने ओळखली. ती मोडली नाही. तिच्यावर आपले दफ्तर ठेवले आणि त्या दफ्तराचे गुणदोष दोन्ही मागे सोडून गेला. हे चरित्र स्वतःच्या पायावर उभे राहण्याइतके भक्कम आहे. मराठी व कन्नड साधनांचा एकत्र अभ्यास करणाऱ्यांनी बंगळूर, कोलार व होसकोटे येथील मोडी व कानडी कागद शेजारी ठेवून वाचले, तर त्यातील अनेक रिकाम्या जागा भरून निघतील. एका भाषेच्या अभ्यासकाने दुसऱ्या भाषेच्या कारकुनाचे लिहिणे वाचावे, हेच त्या दफ्तराचे रोजचे काम होते. ते आता आपले आहे.